दोन बेडूक कमी

उद्घाटनाला सव्वा तास उरला असताना बेडूकदादांनी काचेच्या पेटीतले बेडूक मोजले. दहा भरले. चष्मा पुसून पुन्हा मोजले, तरी दहाच. असायला हवे होते बारा.

प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या संवर्धनासाठी नवं दालन झालं होतं आणि त्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला सगळे बेडूकदादाच म्हणत. दालनाची शान म्हणजे हे पिवळ्या ठिपक्यांचे, अंगठ्याएवढे बेडूक. जंगलात ते आता औषधालाही सापडत नव्हते. त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून पेटीत छोटा धबधबा होता, धुकं सोडणारं यंत्र होतं, पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. तीन वर्षांत बेडकांनी या सगळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सकाळी दिवा बदलल्यावर झाकणाची कडी लावायची राहिली, हे दादांच्या लक्षात आलं. त्यांनी कुंड्या हलवल्या, गालिचा उचलला. शेजारच्या पेटीतल्या धामणीचं पोट नेहमीपेक्षा फुगलेलं वाटलं. मग दादा सोफ्याखाली शिरले.

"काय शोधताय?" वरून संचालकसाहेबांचा आवाज आला. त्यांचंही पोट दादांना जरा संशयास्पदच वाटलं.

"पेन पडलंय साहेब."

"खिशात आहे की तुमच्या!"

दादांनी मग सगळं सांगून टाकलं. साहेब मटकन सोफ्यावर बसले आणि लगेच दचकून उठले. खाली पाहिलं. सोफा रिकामाच होता.

"पाहुण्या कोण येणार आहेत माहितेय ना? चाळीस वर्षं बेडकांवर काम केलंय बाईंनी! फलकावर बारा लिहिलंय, बारा दिसले पाहिजेत!"

"कुठून आणू साहेब?"

साहेबांची नजर भेटवस्तूंच्या दुकानाकडे गेली. तिथले रबरी बेडूक हिरवेगार आणि हसरे होते. दादांनी त्यांच्यावर पिवळे ठिपके काढले. हसू मात्र काही पुसता येईना. शेवटी दोघांना पानाआड, भिंतीकडे तोंड करून बसवलं.

बरोबर अकराला पाहुण्या आल्या. फीत कापली आणि थेट काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हे दोघं भिंतीकडे का बघतायत?"

"लाजाळू आहेत हो बाई," दादा म्हणाले.

"आणि एकाच्या पायाखाली किमतीची चिठ्ठी आहे, ती?"

साहेब जोरजोरात खोकू लागले. तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला, "टुक्... टुक् टुक्."

बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. साहेबांचा खोकला जागच्या जागी थांबला.

"अहो, ही तर नराची हाक! पण ती या पेटीतून येत नाहीये. कुठून येतेय?"

बाई पुढे, दादा मागे, साहेब त्यांच्याही मागे, अशी वरात झाडूपोछ्याच्या खोलीपाशी पोचली. दारातच सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या.

"आत जाऊ नका, नळाचं काम चाललंय. सहा महिने गळतोय मेला! आज कुठे प्लंबर उगवलाय."

आत प्लंबर पाना घेऊन नळावर वाकला होता. नळाखाली मावशींची फुटक्या कडेची बादली, थेंब थेंब पाण्याने अर्धी भरलेली. कडेवर दोन पिवळे ठिपकेवाले, आणि पाण्यात मावशींच्या पोछ्याला चिकटून पारदर्शक मण्यांची लांबच लांब लड.

"अंडी!" बाई किंचाळल्या.

"हात लावू नकोस!" दादा आणि साहेब प्लंबरवर एकदम ओरडले.

प्लंबरने पाना टाकून दोन्ही हात वर केले. दादांचे डोळे भरून आले. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दादांना मिठी मारली, मग चुकून मावशींनाही मारायला निघाले. मावशी वेळीच बाजूला झाल्या.

"त्यांना असाच थेंब थेंब हवा होता तर," बाई हसत म्हणाल्या. "तुमच्या धबधब्यापुढे बिचारे जीव मुठीत धरून बसले असतील. आणि ते लाजाळू दोघं मला द्या बरं, नातवंडांना."

साहेबांनी लगेच हुकूम सोडला. खोलीला काचेचं दार बसणार, बाहेर फलक लागणार आणि मावशींना नवी बादली मिळणार.

"दोन द्या," मावशी म्हणाल्या. "आणि पोछाही द्या, तोही गेलाय माझा."

मग साहेब प्लंबरकडे वळले. "आणि तुम्ही आमच्या मोठ्या पेटीत अस्साच गळणारा एक नळ बसवून द्यायचा. जमेल?"

प्लंबरने थोडा विचार केला.

"नळ गळका करायला मला पहिल्यांदाच कोणी सांगतंय साहेब," तो म्हणाला. "पण जमेल. दुरुस्त करायला घेतला की बहुतेक वेळा तसाच होतो."