आमच्या पेपरात वेगळंच आलंय

ज्या भाषेतलं एक अक्षर येत नाही, त्या भाषेतलं वर्तमानपत्र रावजी मास्तर रोज दोन तास वाचत. ते होतं आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, बादशहाच्या सरकारचं, अम्हारिक भाषेतलं. मास्तरांचा वसंता तिकडे शाळेत गणित शिकवायला गेला होता. पत्रं लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून महिन्याला अंकांचं एक भेंडोळं पाठवून मोकळा व्हायचा.

मंगळवार पेठेत कुठलीही बातमी निघो, मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "आमच्या पेपरात वेगळंच आलंय." कोल्हापूर संस्थान विलीन झालं, तेसुद्धा त्यांनी दोन महिने मानलं नाही. "त्याबद्दल चकार शब्द न्हाय आमच्यात. सरकारी पेपर हाय तो. त्याला काय गरज पडलीय खोटं छापायची?"

मी इथल्याच एका दैनिकात मुद्रितं तपासायचो. आमचा पेपर संध्याकाळी भजी बांधायला जायचा आणि मास्तरांचा देव्हाऱ्याशेजारी घडी घालून ठेवलेला असायचा, हे मला सोसत नव्हतं. शेवटी वाचनालयाच्या चिटणिसांना भरीला घालून मीच मास्तरांचं व्याख्यान ठरवलं. विषय, 'एका वर्तमानपत्राचा इतिहास'. फजिती बघायला अर्धी पेठ जमली.

मास्तर फेटा बांधून आले. "इटलीवाल्यांनी बादशहाला हाकलला. पाच वर्सांनी त्यानं राज्य परत घेतलं आन् लगोलग काय केलं? पेपर काढला! राजा आलाय हे लोकांस्नी कळाय नको व्हय?"

पुढचा सगळा इतिहास त्यांनी चित्रांवरून सांगितला. या अंकात बादशहा घोड्यावर आहे, म्हणजे धामधुमीचा काळ. इथं मोटारीत, म्हणजे भरभराट. इथं नुसताच खुर्चीत बसलाय, म्हणजे त्या आठवड्यात बातमीच नव्हती. लोक पोट धरधरून हसत होते आणि मास्तरांना वाटत होतं, व्याख्यान रंगलंय.

मी उभा राहिलो. "मास्तर, बातमी ऱ्हाऊ दे. वरची तारीख तेवढी वाचून दावा."

"तेवढंच येतंय की मला," मास्तर म्हणाले. "वसंतानं आकडे लिहून धाडल्यात. त्यांचं साल आपल्याहून सात वर्सं मागं असतंय."

"म्हंजे सात वर्सांचा शिळा पेपर!" मी ओरडलो. हशानं वाचनालय दणाणलं. जिंकलो म्हणून मी मागं वळून बघितलंसुद्धा.

मास्तर हशा ओसरेपर्यंत थांबले. मग अंकावरच्या तारखेवर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाले, "व्हय, शिळा हाय. वसंताच्या आईला जाऊन पाच वर्सं झाली. ह्या पेपरात ती अजून दोन वर्सं हाय."

मला माझीच शरम वाटली.

"इचारा की," मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, "आणखी काय इचारायचंय?"

मी खाली बसलो.