सोनवणे सरांचा बंद पंखा

भर मे महिन्यात, नवीन जालन्यात, वीज असताना दुपारी पंखा बंद करून बसणाऱ्या माणसाला तुम्ही शहाणा म्हणाल का?

आमच्या शेजारचे सोनवणे सर असे बसतात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. एका जुन्या विद्यार्थ्याने जहाजावरून आणून दिलेला अरबी समुद्राच्या तळाचा गाळ हीच त्यांची इस्टेट. तो धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने रव्याहून बारीक शंख वेचायचे. मान्सूनचं वारं जोरात असलं की समुद्राचं खालचं गार पाणी वर येतं, त्यात एका जातीचे जीव माजतात, मेले की त्यांचे शंख तळाच्या गाळात थराथराने साचतात. ज्या थरात त्यांचे शंख जास्त, त्या काळी वारं जोरकस. हजारो वर्षांच्या वाऱ्याचा इतिहास शोधणाऱ्या या माणसाच्या घरात झुळूकही चालत नाही. शंख उडतात ना! शिंक आली तर अंगणात हाकलतात.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. पाणीप्रश्नाच्या पत्रकावर त्यांची सही मागायला गेले. पहिलीच ओळ होती, ‘पूर्वी पाऊस वेळेवर पडायचा.’

“कोणतं पूर्वी?” सरांनी विचारलं.

“म्हणजे... पूर्वी!”

“आठ-नऊ हजार वर्षांमागचं म्हणशील तर जोर होता, बराबर. पण मंग ढिला बी पडला. कोणतं पूर्वी ते लिही, मंग सही.”

“लोकांना टँकर मिळत नाही आणि तुम्ही मेलेले किडे मोजताय!” मी भडकले.

“मेलेले हायेत म्हणून खरं बोलतेत. अन् दार लाव आधी, वारं येऊन राह्यलं.”

गेल्या आठवड्यात आई त्यांना धपाटे द्यायला गेली, मी मागोमाग. एका थराचे सगळे शंख सरांनी उघड्या ताटलीत वेचून ठेवले होते. त्या थराचा गाळ संपलेला. होतं नव्हतं ते ताटलीत. आई दोन पावलं आत आली आणि उकाड्याने घेरी येऊन खाली बसली.

सरांनी ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले, पंखा पाचवर केला, आईच्या तोंडावर पाणी मारलं.

आई सावरली आणि कळवळली, “भाऊ, तुमचे दाणे उडाले की हो!”

“जातेत कुठं? खोलीतच हायेत. तुम्ही बसा, ताई.” थोड्या वेळाने पंख्याकडे बघत म्हणाले, “पंखा लावला की माणूस बसतंय जरा. न्हाईतर सारे दारातूनच पळतेत.”

दुसऱ्या दिवशी ते फरशीवर बसून केर गोळा करत होते. कुंचल्याने, एकेक फरशी करत.

तो केर आता पत्र्याच्या डब्यात आहे, निम्मी जालन्याची धूळ आणि निम्मा समुद्र. मी भिंगं जमवलीत. रविवारी वेचायला या. शिंका घरीच संपवून या. आणि काम झालं म्हणून लगेच उठू नका, तेव्हा पंखा लावू.