मधला माळ कुणाचा?

गणपतीच्या सजीव देखाव्यात लढाई नसली तर माणसं थांबत नाहीत, आणि लढाई असली तर कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावल्याशिवाय राहत नाहीत. या पेचातून मार्ग काढण्यासाठी वरली आणि खालची गल्ली मिळून चालवत असलेल्या वीरगर्जना तरुण मंडळाची तातडीची सभा तालमीच्या कट्ट्यावर भरली. गेल्या वर्षी मंडळानं खऱ्या इतिहासातली खरी लढाई घेतली होती. तिच्यात एका सरदाराची मिशी डावीकडे झुकलेली दिसली, म्हणून त्या सरदाराचे वंशज टेम्पो भरून आले आणि मंडळाला भर चौकात मिशीची माफी मागावी लागली. यंदा सभेनं एकमतानं ठराव केला : लढाई होईल, मात्र ती कधीही न झालेली असेल. राजे असतील, मात्र त्यांना वंशज नसतील.

"आता लिव्हणार कोण?" अध्यक्ष संग्रामनं विचारलं, आणि सगळ्या माना शाहीर आकारामकडे वळल्या.

आकाराम मूळचा मुरगूडकडचा. आईच्या जात्याशेजारी, पिठाच्या उबेला झोपून त्यानं ओव्या ऐकल्या होत्या. दाणा भरडावा तसा शब्द भरडायचा आणि मऊ झाला की मगच ओठाबाहेर सोडायचा, हे तो तिथंच शिकला. पोटासाठी मात्र तो फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे मजकूर लिहीत होता. शहरातल्या चौकाचौकांत त्याचं साहित्य वाऱ्यावर फडफडत असे, आणि येणारा-जाणारा त्यातले फोटो बघून पुढं जात असे. पण त्याच्याजवळ एक ओवी होती. दोन राजांची सैन्यं शेतात उतरतात, तेव्हा बांधावर उभी राहून त्या शेताची मालकीण जे म्हणते, ती ओवी. कितीतरी वर्षं त्यानं ती मनातल्या मनात घासूनपुसून ठेवली होती. चारचौघांत ती एकदा म्हटली जावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

ओवीला शेत हवं होतं, शेताला सीमा हवी होती आणि सीमेला दोन राज्यं हवी होती. म्हणून त्यानं ती स्थापन केली. एकाचं नाव उदंडगड, दुसऱ्याचं प्रचंडगड. मध्ये वादाचा मुलूख, त्याचं नाव मधला माळ.

झेंड्यांवरून थोडं अडलं. जो रंग काढावा त्याला कुणीतरी मालक निघे. शेवटी बनाबाईंनी साडीच्या दुकानातले दोन रंग सुचवले, वांगी आणि बदामी. बनाबाई तीन रस्त्यांच्या तिकटीवर भाजी विकत. माहेर खालच्या गल्लीत, सासर वरल्या गल्लीत, आणि भजनात आवाज दोन्ही गल्ल्यांना पुरून उरेल एवढा. ओवी त्याच म्हणणार होत्या.

"शायर, मला ढाल-तलवार न्हाय न्हवं धराय लागायची?"

"न्हाय वो आक्का. तुमी नुसतं खुरपं धरायचं."

"मग चालतंय की. ते घरचंच हाय."

वरल्या गल्लीतली पोरं उदंडगडाची झाली, कारण वांगी कपड्यांची ट्रंक त्यांच्या बोळात उतरली. उरलेली खालची गल्ली प्रचंडगड झाली. याहून मोठं कारण त्यामागं नव्हतं. मोठी कारणं पुढं झाली.

पहिल्याच तालमीला प्रश्न आला, हरायचं कुणी? उदंडगडाचा राजा होता खुद्द संग्राम. प्रचंडगडाचा राजा होता रुद्रेश, खालच्या गल्लीतले गुळाचे व्यापारी बसलिंगाप्पा यांचा मुलगा. बसलिंगाप्पा घरात कन्नड बोलत, पेढीवर मराठी, आणि चिडले की दोन्ही.

"आमचा रुद्रेश हरणार न्हाई, शाहीर," ते म्हणाले. "त्याचं लग्न जुळवाय लागलोय. हरलेल्या राजाला पोरगी कोण देतंय?"

"आणि अध्यक्ष हरला तर मंडळात ऱ्हातंय काय?" संग्राम म्हणाला.

आकारामनं विचार केला आणि दोघंही जिंकतील असं जाहीर केलं.

"मग हरणार कोण?"

"ते पडद्याच्या मागं बघू."

त्यानं दोन विजयाचे पोवाडे रचले. पहिला असा :

*उदंडगडाची तलवार, विजेची तिला धार,*
*प्रचंडगड केला गार, जी जी रं जी!*

आणि दुसरा असा :

*प्रचंडगडाची तलवार, विजेची तिला धार,*
*उदंडगड केला गार, जी जी रं जी!*

दुसऱ्याला फारसा वेळ लागला नाही. मात्र दोन पोवाड्यांनी वेळ खाल्ला, म्हणून ओवी मधून काढून शेवटाला ढकलण्यात आली. आकारामनं मान हलवली. ओवी राहिली न्हवं, मग झालं.

परवानगीसाठी तो आणि संग्राम चौकीत गेले. फौजदारसाहेबांनी संहिता चाळली आणि खुर्ची पुढं ओढली.

"सीमेचा वाद? कुठली सीमा?"

"काल्पनिक हाय, सायेब."

"बदामी झेंडा लिहिलंय. बदामी कुठल्या राज्यात आहे ठाऊक आहे ना?"

"मोतिया करतो, सायेब," आकाराम तत्काळ म्हणाला. रंगानं त्याचं काही अडत नव्हतं.

"आणि ही राज्यं काल्पनिक आहेत, याचा पुरावा?"

"जे न्हवतंच त्याचा पुरावा कसा आसंल?"

"म्हणजे असू शकतील." साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, उद्या यांचे वंशज आले तर मी कुणाला उत्तर देऊ? ही राज्यं कधीच नव्हती, असा एखाद्या जाणकाराचा दाखला आणा. तो लावून टाकतो."

जाणकार गल्लीतच होते. मृत्युंजय हे व्यवसायानं विमा एजंट आणि स्वभावानं इतिहास संशोधक. त्यांनी काम आनंदानं घेतलं. पण अमुक एक गोष्ट नव्हती, असं सिद्ध करणाऱ्याचा आजवर कुठं सत्कार झालेला नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. ते चपला न काढताच आकारामच्या घरात शिरले.

"शाहीर, प्रचंडगड होतं."

"अवो, म्या रचलंय ते! गुरुवारी, पावट्याची आमटी खाताना."

"रचलं असं तुम्हाला वाटतं. रक्तात असतं ते, वर येतं. आमटी निमित्त."

कुरुंदवाडकडच्या एका शेतात त्यांना शिळा सापडली होती. तिच्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. यावरून शत्रूनं मजकूर पुसून टाकला, आणि ज्याअर्थी पुसला त्याअर्थी तो मधल्या माळाविषयीच होता, हे उघड होतं. माळ प्रचंडगडाचा. खालच्या गल्लीनं मृत्युंजयांना फेटा बांधला. बसलिंगाप्पांना आपले आजोबा माळाचं नाव निघालं की गप्प बसायचे, हेही आठवलं.

वरली गल्ली गप्प बसणारी नव्हती. तिनं आजऱ्याकडून दुसरी शिळा आणली. तीही कोरीच होती, पण आकारानं मोठी होती. दोन्हींवर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून फौजदारसाहेबांनी दोन्हींचे फोटो दाखला म्हणून लावून टाकले.

मग सगळं रीतसर होत गेलं. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'उदंडगडचा वाघ' आणि 'प्रचंडगडची डरकाळी' आली. वरल्या गल्लीनं खालच्या गिरणीत दळण टाकायचं बंद केलं. खालच्या गल्लीनं वरच्या डेअरीचं दूध सोडलं. रुद्रेशला सांगून आलेलं स्थळ चांगलं होतं, पण मुलीची मावशी वरल्या गल्लीत राहते असं कळल्यावर बसलिंगाप्पांनी "घराण्यात बसत न्हाई" असा निरोप धाडला. फ्लेक्सच्या दुकानात गर्दी उसळली. आकाराम सकाळी उदंडगडासाठी लिही, दुपारी प्रचंडगडासाठी. लोक थांबून त्याच्या ओळी वाचू लागले, पाठ म्हणू लागले, त्या ओळींवरून एकमेकांच्या गचांड्या धरू लागले. खोटं कशाला, त्याला ते आवडलं. उभ्या आयुष्यात त्याची कविता पहिल्यांदाच कुणाला तरी लागली होती.

एक दिवस बनाबाईंनी त्याला तिकटीवर थांबवलं.

"शायर, माझी वांगी खपंनात."

"का वो?"

"वरली गल्ली म्हणती, आमच्या झेंड्याला विळी लावायची न्हाय. खालची म्हणती, त्येंचा झेंडा आमच्या चुलीवर चढवायचा न्हाय. म्या काय करू? सगळी मीच खातोय. पोट बिघडलं माझं."

"थोडं दीस कळ काढा, आक्का. तुमची ओवी झाली की सगळं निवंल."

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक मंडप घालायला आले आणि नवा मुद्दा निघाला. मंडप पडणार होता तिकटीवर, दोन गल्ल्यांच्या मधोमध. म्हणजे मधला माळ तो हाच, यावर दोन्ही राज्यांचं एकमत झालं. हे त्यांचं एकमेव एकमत. दोर बांधून सीमा आखली गेली. बनाबाईंची भाजीची पाटी नेमकी दोरावर आली.

"आक्का, वाद मिटंपतूर पाटी उचला," संग्राम म्हणाला.

"आनि बसू कुठं?"

"ते तुमी बगा की. आमी हितं राज्याचं बगतोय."

बनाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि त्या गटारीच्या कडेला जाऊन बसल्या. आकाराम तेव्हा तिथंच होता. बाईच्या शेतात सैन्य शिरतं तो प्रवेश तो तपासत होता. एक यमक जुळत नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोन्ही गल्ल्यांचं संयुक्त शिष्टमंडळ त्याच्या दारात आलं. तक्रार गंभीर होती. शाहिरांनी इतिहासाची मोडतोड केली होती. संहितेत उदंडगडाचा राजा तंबूत ताक पिताना दाखवला होता, आणि प्रचंडगडाच्या सेनापतीला शिंक येत होती.

"आमच्यात लढाईच्या टायमाला कोण शिंकत न्हाई," बसलिंगाप्पा म्हणाले.

"अप्पा, तो सेनापती मी घडवलाय."

"तुमी घडवला म्हणून काय बी लिव्हायचा हक्क न्हाई तुमाला."

आकारामनं ताक काढलं, शिंक काढली आणि आपण निर्माण केलेल्या दोन्ही राज्यांची लेखी माफी मागितली. सही करताना त्यानं एकच विचारलं, "ओवी ऱ्हाती न्हवं?" ओवीबद्दल कुणाचीच हरकत नव्हती. खरं तर ओवीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

देखावा दिवेलागणीला सुरू झाला. तिन्ही रस्त्यांनी माणूस तुंबला होता. उदंडगड जिंकलं, वरली गल्ली नाचली. प्रचंडगड जिंकलं, खालची नाचली. धूर निघाला, फटाके झाले, रुद्रेशचा घोडा, म्हणजे आतली दोन माणसं, वेगवेगळ्या दिशांना गेला. फौजदारसाहेब कडेला उभे राहून दोन्ही विजयांना सारख्या टाळ्या वाजवत होते.

मग दिवे मंद झाले आणि बनाबाई खुरपं घेऊन पुढं आल्या. पदर खोचायला सांगायचं आकाराम विसरला होता, तो त्यांनी आपसूक खोचला, आणि सूर लावला.

पहिल्या ओळीला शिट्ट्या थांबल्या. दुसरीला मक्याची कणसं भाजणाऱ्यानं पंखा खाली ठेवला. बापाच्या खांद्यावरची पोरं गप्प झाली, आणि बाप वर बघू लागले, पोर झोपलं की काय म्हणून. मेलेले सैनिक, ज्यांना पडून राहायचं होतं, त्यांनी मान उचलून बाईकडे पाहिलं. बसलिंगाप्पांनी खिशातून रुमाल काढला. आकाराम पडद्यामागं बांबूला धरून उभा होता. आपल्या आईचा हात जात्याच्या खुंट्याबरोबर फिरतोय, असं त्याला वाटत होतं.

शेवटची ओळ उरली होती. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पर ही बाई कुठल्या राज्याची?"

प्रश्न रास्त होता. तो आपल्याला आधी कसा सुचला नाही, याची सगळ्यांना लाज वाटली.

"आमची! सून हाय ती वरल्या गल्लीची!"

"लेक आमची हाय! उदंडगडानं पळवून न्हेली!"

"आगं बाई, म्या भाजीवाली हाय की रं!" बनाबाई म्हणाल्या. पण हे उत्तर कुठल्याच बाजूला उपयोगाचं नव्हतं.

संग्रामनं माईक आकारामच्या हातात कोंबला. "शायर, तुमी लिवलीया, तुमीच सांगा."

आकारामला एकच ओळ वाचवायची होती. त्यानं उजवीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "बाई तुमची." मग डावीकडे वळून म्हणाला, "बाई तुमची." हीच युक्ती पोवाड्यांत खपून गेली होती. पण पोवाडे दोन होते आणि माईक एक. दोन्ही उत्तरं दोन्हीकडे सारखीच ऐकू गेली. पहिली चप्पल उदंडगडाची की प्रचंडगडाची, यावर मृत्युंजयांचं संशोधन अद्याप चालू आहे.

फौजदारसाहेबांनी मंचावर येऊन निकाल दिला. लढाईबद्दल एकही तक्रार आलेली नाही. दोन्ही विजय शांततेत पार पडले. वाद उद्भवला तो केवळ ओवीमुळे. सबब, आक्षेपार्ह भाग वगळून देखावा चालू ठेवावा. दोन्ही गल्ल्यांनी टाळ्या वाजवल्या, यावेळी एकत्र. विसर्जनापर्यंत युद्ध रोज सुरळीत झालं, आणि मंडळाला सामाजिक सलोख्याची ढाल मिळाली.

आकाराम आता भेटेल त्याला ही हकिकत सांगतो. मिसळीच्या दुकानात सांगतो, रंकाळ्यावर सांगतो, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी पावण्यालाही सांगतो. सांगून झालं की थोडा थांबतो. ओवी त्याच्या ओठाशी आलेली असते. समोरचा घटकाभर विचार करतो आणि जवळ सरकून विचारतो, "ते ऱ्हाऊ दे, शायर. माळ खरा कुणाचा व्हता?"

तुम्हीही ही गोष्ट इथवर वाचलीत. उदंडगड, प्रचंडगड, दोन्ही झेंडे, दोन्ही शिळा, सगळं ध्यानात राहिलं असेल. पोवाड्यांची चाल तर तोंडात बसली असेल. कदाचित मनातल्या मनात माळ एका बाजूला देऊनही टाकला असेल. ओवी मात्र या गोष्टीत कुठंच आलेली नाही, आणि ती राहून गेली, हे तुमच्याही ध्यानात आलं नाही.