खुर्चीच्या पाठीवरचा शब्द

आमच्या नव्या साहेबांनी मीटिंगमध्ये एक इंग्रजी शब्द वापरला. सगळे हसले, म्हणून मीही हसलो. तो माझ्याच कामाबद्दल होता, हे चहाच्या वेळी कळलं. त्याच संध्याकाळी मी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचं ठरवलं. (बढती डोक्यात नव्हती असं नाही.)

पद्धत माझी स्वतःची. शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि जिथे शोभेल तिथे चिकटवायचा. कण्हत फिरणाऱ्या पंख्याच्या बटणाला 'लेथार्जिक', माझ्या दाढीच्या आरशाला 'मेलन्कली', म्हणजे उदास. गॅसच्या शेगडीमागे 'व्होलटाइल', म्हणजे कधीही भडकणारं, लावला, तर बायकोने विचारलं, "हे शेगडीला की मला?" शेगडीलाच, असं मी सांगितलं. (जरा घाईनेच.)

'ऑब्सोलीट', म्हणजे कालबाह्य, याला मात्र जागा सापडेना. शेवटी कोपऱ्यातली डुगडुगणारी खुर्ची दिसली. तिच्या पाठीला चिठ्ठी डकवली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

आई गेल्यापासून त्या खुर्चीत दिवसभर बाबा बसतात, आणि बाबांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलंय. एवढ्याच दोन गोष्टी तेव्हा मला सुचल्या नाहीत.

सकाळी पाहतो तर बाबा पिशवी भरून दाराशी. ताईकडे जातो म्हणाले. किती दिवस, ते सांगेनात. बायकोने खुर्चीकडे बोट दाखवलं.

माफी मागायला गेलो, तर साठवलेले सगळे शब्द ऐन वेळी पळाले.

"बाबा, ते खुर्चीबद्दल होतं हो."

"मग तीही नेतो बरोबर. तुझी अडगळ तेवढीच कमी."

"नेऊ नका. तुम्हीही जाऊ नका. आईनंतर आता तो कोपराही रिकामा झाला, तर मला या घरात बसवणार नाही."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग पिशवी खाली ठेवून खुर्चीपाशी गेले, चिठ्ठी सोलून काढली. "जा, ऑफिसला उशीर होतोय," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. डोळे भरून आले माझे.

त्या दिवशी ऑफिसात मी जाईन तिथे मागे कुजबुज. संध्याकाळी साहेबांनीच थांबवलं, माझ्या पाठीमागे जाऊन चिठ्ठी शांतपणे वाचली, आणि नोकरीत प्रथमच माझं कौतुक केलं.

"सुधारलंय हं तुमचं इंग्रजी. नेमका शब्द, नेमक्या जागी."