सात वेळा धुतलेलं दुपटं

अन्याय झाला तो विनायककाकांवर. मंगळवारी, सकाळी पावणेदहा वाजता, आमच्या कॉलनीच्या फाटकावर. करणारे कुणी परके नव्हते. पत्रक आमच्या पाणी समितीचं होतं आणि मजकूर माझा. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी भलत्यालाच शिव्या देणार नाही.

विनायककाका म्हणजे हर्सूलच्या अंगाला शेतं मोडून जी नवी कॉलनी झाली, तिच्या टोकाच्या घरात एकटे राहणारे निवृत्त आरेखक. उभा जन्म कचेरीत ड्रॉइंग बोर्डावर वाकून नकाशे काढण्यात गेला. लग्न केलं नाही. "जुळत होतं, पण स्केल जमलं नाही," एवढंच सांगतात.

हा माणूस शेजाऱ्यांना आडनावानं ओळखत नाही. ज्याच्या घराखाली पूर्वी जे पीक होतं, ते त्याचं नाव. बँकेतल्या जोशीबाई ‘हरभरा’. कोपऱ्यावरचे निवृत्त फौजदार ‘करडई’. आम्ही ‘मोसंबी’. सकाळी फिरायला निघाले की हाळी घालतात, "काय करडई, गुडघा कसाय?"

फौजदारांनी सुरुवातीला लई हुज्जत घातली. "लोक मला साहेब म्हणतात!"

"मग मीही म्हणतो की. तसल्लीनं घ्या, करडईसाहेब."

त्यांना ही पिकं ठाऊक, कारण शेतांचे प्लॉट पाडणारा नकाशा त्यांच्याच हातचा. एकदा मला म्हणाले, "बांध मी पुसले, मोसंबी. खोडरबरानं. पाच मिनिटं लागली." पण पुसलेलं त्यांच्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते डांबरी रस्त्यानं चालत येतात आणि आमच्या घरासमोर थांबून धोतराचा सोगा उचलतात, एक लांब पाऊल टाकतात. तिथं मोसंबीच्या बागेला जाणारा पाट होता. आजूबाजूला धूळ उडत असते, टँकर कधी येणार म्हणून बाया कपाळाला हात लावून उभ्या असतात, आणि काका पाय भिजू नये म्हणून पाट ओलांडतात. त्यांच्यामागून चालताना एकदा मीही पाय उचलला होता. क्षणभर घोट्याला गार लागलं. हे मी समितीत कुणाला सांगितलं नाही.

तर दुष्काळाचा तो उन्हाळा. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही करंगळीएवढा. आणि काकांच्या दोरीवर पिवळं कापड वाळत होतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, टपटप गळत. मग पुन्हा तेच. पाचव्यांदा दिसलं तेव्हा माझं डोकं सणकलं. लोक भांडी धुवायला राख वापरत होते आणि हे गृहस्थ एकच फडकं पाच-पाच वेळा धूत होते! मी बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं. मथळा: ‘आम्ही घागरी मोजतो, ते फडकी धुतात!’ खाली, ‘उत्तरेच्या कोपऱ्यातल्या निवृत्त गृहस्थांना जनतेचा सवाल’. मला तेव्हा फार आवडला होता तो मथळा.

काकांनी मंगळवारी फाटकाशी उभं राहून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. मी हुज्जतीच्या तयारीत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, ‘उत्तरेच्या’ शब्दावर काट मारली, वर नाजूक अक्षरात ‘वायव्येच्या’ लिहिलं आणि घरात गेले. मग दिसेनात. सकाळची हाळी बंद. हरभऱ्यानं विचारलं, करडईनं विचारलं. मी म्हणाले, सत्य झोंबतं.

दोन दिवसांनी माझ्या आक्काला मुलगी झाली. आक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. बारसं ठरलं तशी आई म्हणाली, "शेजारी आधी काकांना सांगून ये."

"मी?"

"मग कोण? लिहिलंस ना लांबलचक? आता चार शब्द तोंडानं बोल."

भर दुपारी गेले. बाहेर पांढरं ऊन, आत खिडकीला ओला पंचा टांगलेला, त्यातून येणारा उजेड पाण्याखालच्यासारखा. काका म्हणाले, "ये मोसंबी. तसल्लीनं बस." मी उभ्यानंच बारशाचं सांगितलं. ड्रॉइंग बोर्डावर चारी कोपरे टाचण्यांनी दाबून ते पिवळं कापड पसरलेलं. दुपटं होतं. लहान बाळाचं. एका इंचात आठ टाके, सगळे एकसारखे, आणि टाक्यांच्या ओळी थोड्या तिरप्या धावत होत्या. "नांगराची तासं अशीच जायची तुमच्या रानात," काका म्हणाले. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं विहीर काढली होती. त्यांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. अंगुस्तान नव्हतं म्हणून शाईच्या बाटलीचं झाकण बोटात घातलं होतं.

"हे कुणाला?"

"तुमच्याकडं आलेल्या पाहुणीला. पण द्यायचं नाय. नापास झालंय."

मग काका बोलले, बरंचसं बोर्डाशीच. जन्मात पहिल्यांदा सुई धरली होती. गुलमंडीवर कापड बघायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "चाचा, बच्चे के लिए फ्लॅनेल ले जाओ, एकदम रुई!" काकांनी खिशातलं भिंग काढून तपासलं. रुई नव्हती, खळ होती.

"काका, बाळाला नवं कापड लावत नसतात. जुन्या साडीचं करतात."

"मला माहीत नाय व्हय?" पहिल्यांदाच आवाज चढला. "जुनेर आणू कुठून मी? आई गेली तेव्हा बहिणींनी तिची लुगडी आठवण म्हणून नेली. बरोबरच केलं. माझ्या वाट्याला तिचं घड्याळ आलं. घड्याळाचं दुपटं होत नाही, मोसंबी." मग सावकाश म्हणाले, "अख्ख्या घरात मऊ असं काहीच नव्हतं. म्हणून धूत बसलो. लुगडं मऊ व्हायला एक जन्म जातो. मी सात धुण्यांत बसवू पाहत होतो."

समितीची सवय जाता जात नाही. मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"आंघोळीचं. महिनाभर पंचा ओला करून अंग पुसतो. आणि धुतलेलं पाणी तुमच्या भिंतीपलीकडं ओततो. मोसंबीला पाणी लागतं."

आमचा कढीपत्ता त्या उन्हाळ्यात एकटा हिरवा होता. आई गल्लीभर सांगत होती, माझा हातगुण!

"मग नापास का?"

त्यांनी टाचण्या काढल्या. दुपटं लगेच आकसलं, सगळीकडं चुण्या पडल्या. वरचा आणि खालचा थर त्यांनी सहा वेळा धुतला होता. मधला धुवायचा राहिला. दिसत नाही ना तो. शिवून झाल्यावर सातवं धुणं दिलं, तेव्हा मधला आटला आणि त्यानं सगळ्यांना आत ओढून घेतलं. दुपटं वीतभर लहान झालं.

"या गल्लीत आपण सगळे ट्रकमधून आलो," काका म्हणाले. "मी मारलेल्या रेघांमध्ये जन्म घेऊन येणारं हे पहिलंच माणूस. म्हटलं, त्याला तरी रान मिळावं अंगाखाली. जाऊ दे. आणि बारशाला काही मी येत नाही. पत्रकातल्या माणसानं पाळण्याजवळ कशाला यायचं?"

मी उठले, घरी गेले, आईला सगळं सांगितलं. आईनं कपाट उघडलं, तळातून तिची विरलेली जांभळी साडी काढली आणि तशीच काकांच्या दारात गेली. दुपटं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग साडीला दातांनी चीर दिली आणि फर्रकन पट्टी फाडली.

"अहो वहिनी! चांगली होती!"

"म्हणूनच फाडली. चारी बाजूंनी वीत-वीत लावा. आणि चुण्या असू द्या, मऊ लागतात. बारशाला यायचं. हिच्या पत्रकाचं मी बघते."

काकांनी पट्टी गालाला लावली. आम्ही दोघी खिडकीतल्या पंच्याकडं बघत राहिलो.

बारशाला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. आक्कानं दुपट्यात गुंडाळलेली पोर सरळ त्यांच्या हातात दिली. शाई न वाळलेला नकाशा धरावा तसे दोन्ही हात पुढं करून ते उभे. "पंखा बंद करा," हळूच म्हणाले. अर्धा तास हलले नाहीत. सगळी गल्ली घामानं निथळत होती.

आता मुद्द्याचं. पिशोरकडून पाण्यापायी आलेली काही कुटुंबं आपल्या मागच्या नव्या इमारतीच्या कामावर आहेत, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तिथल्या दोघी गरोदर आहेत. काकांनी बोर्डावर टाचण्या लावून ठेवल्यात. फ्लॅनेल त्यांना नको आहे, आणि ते कुणाकडं मागणार नाहीत. मी मागते. तुमच्या कपाटाच्या तळाशी एक तरी विरलेली सुती साडी आहे. नाही म्हणू नका. ती आजच वायव्येच्या कोपऱ्यातल्या घरी न्या. धुऊन नेऊ नका. दारात ठेवून परत फिरू नका. बेल वाजवा, आत जाऊन बसा, आणि ती साडी कुणाची होती ते त्यांना सांगा.