गोदाआजींचं सुतक

धाकटी लेक अनिका ॲन आर्बरला शिकायला गेली आणि साठ्यांचं अमेरिकेतलं, प्लेनोतलं घर रिकामं झालं, ते साल २०२५. सुलेखाने ते रिकामपण चकलीच्या सोऱ्यात घातलं. ओळखीपाळखीत दिवाळीचा फराळ ती पूर्वीपासून विकत होती. यंदा मोठ्या प्रमाणावर करायचा, आपल्या हाताचं नाव चार लोकांत व्हावं, एवढीच तिची इच्छा. तिच्या नवऱ्याने, प्रतापने, आपलं रिकामपण वेबिनारमध्ये घातलं.

"पुढच्या वर्षीचे मार्केटिंगचे ट्रेंड्स ऐक," तो एका सकाळी चहा घेता घेता म्हणाला. "नुसते डब्यांचे फोटो आता आऊट. ब्रँडला चेहरा हवा, स्टोरी हवी. आणि मुख्य म्हणजे ऑथेंटिसिटी!"

"म्हणजे काय?"

"खरेपणा गं."

"मग माझा चेहरा आहे की. चांगला खरा आहे."

प्रतापने तिच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस शब्द जपून वापरतो. "तू फारच यंग दिसतेस," तो म्हणाला.

आणि खरेपणा हवा म्हणून त्याने लॅपटॉपवर एआयकडून एक आजी करून घेतली. नऊवारी, नाकात मोत्याची नथ, तोंडाचं बोळकं. नाव गोदावरी. आडनाव काहीतरी द्यायला हवं, म्हणून आपलंच देऊन टाकलं.

"ही बाई कोण?" सुलेखाने विचारलं.

"ब्रँडची आजी."

"आणि माझ्या चकल्या स्वतः केल्या म्हणून सांगतेय?"

"अगं, स्टोरी आहे ती!"

स्टोरी चालली. रोज संध्याकाळी गोदाआजी लोकांच्या फोनवर व्हिडिओत येऊन भाजणीतलं एखादं गुपित सांगायच्या, आजकालच्या सुनांना दोन टोले द्यायच्या आणि तोंडभर आशीर्वाद देऊन जायच्या. पार दूरच्या मॉरिसव्हिलहून लोक व्हिसासाठी आशीर्वाद मागू लागले. ऑर्डरी एवढ्या आल्या की गाडी अंगणात आणि डबे गॅरेजमध्ये. सोऱ्या फिरवून सुलेखाचा खांदा धरला. बाम चोळत ती कमेंट वाचायला बसली, तर पहिलीच होती, 'आजी, या वयात किती करता! सून काही हातभार लावते की नाही?'

ऑक्टोबरात मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा, अस्मिताचा, फोन आला. "प्रतापकाका, दिवाळी पहाटला गोदाआजी चीफ गेस्ट! व्हीलचेअर अरेंज केलीय. नाही म्हणायचं नाही हं!"

"त्यांची तब्येत जरा..." प्रताप म्हणाला, आणि तिथेच चुकला. तासाभरात दारात काढा आला, मऊ खिचडी आली, आणि मागोमाग गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून डॉक्टर सुशांत आले.

"नुसतं बीपी बघतो."

"झोपल्यात," प्रताप दारात आडवा उभा राहून म्हणाला.

"मग पल्स बघतो. झोपेतही असते ती."

त्यांना कसंबसं वाटेला लावलं, तर संध्याकाळी पुन्हा येतो म्हणून सांगून गेले. प्रताप दार लावून आत आला तो थेट लॅपटॉपपाशी. "आजींना जावं लागणार," तो म्हणाला. "तसंही इमोशनल पोस्ट सगळ्यात जास्त चालते." आणि दुपारी त्याने काळ्या चौकटीत आजींचा फोटो टाकला.

पोस्ट खरंच चालली. हातची कामं टाकून लोकांनी ती शेअर केली. संध्याकाळी पुन्हा अस्मिताचा फोन आला. ती मुसमुसत होती.

"काकू, फार वाईट झालं हो. आणि... कसं सांगू? माझी फराळाची ऑर्डर कॅन्सल करते."

"अगं, का?"

"तुम्हाला सुतक ना! सुतकातला फराळ देवापुढे कसा ठेवायचा? मंडळात सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं."

"अस्मिता, ती बाई नव्हतीच गं! कॉम्प्युटरची होती!"

पलीकडून मऊ आवाज आला, "काकू, असं होतं हो. धक्का पचायला वेळ लागतो. जवळ काका आहेत ना?"

सुलेखाने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "आडनाव आपलंच द्यायची काय हौस होती तुला? आता भोग सुतक!"

रात्री अनिकाचा मेसेज आला, 'Baba, you killed Aaji a week before Diwali? Worst launch ever.'

पण खरा कहर पुढेच होता. दुःखाच्या घरी फराळ करत नाहीत, तो शेजारीपाजारी आणून देतात. प्लेनोतल्या मराठी घरांनी ही रीत मनापासून पाळली. ज्यांनी ज्यांनी ऑर्डर कॅन्सल केली होती, ते सगळे हातात डबा घेऊन आले. गॅरेजमध्ये सुलेखाचा फराळ छतापर्यंत, आणि डायनिंग टेबलावर दुसऱ्यांच्या वातड चकल्यांचा ढीग. धनत्रयोदशीला अस्मिताही आली.

"मीच केल्यात. पहिल्यांदाच. सांभाळून घ्या," ती म्हणाली. सुलेखाने एक घेतली. ती चकली चावायला निदान दाढा तरी शाबूत हव्या होत्या. तिने स्वतःचा डबा उघडला आणि अस्मितापुढे सरकवला. एवढ्या सगळ्या प्रकरणात एक तरी माणूस खरं बोलेल, अशी तिला वेडी आशा होती. संकोचून अस्मिताने एक चकली उचलली, मोडली, डोळे मिटून खाल्ली.

"छान आहे हो, काकू," ती म्हणाली. "पण आजींच्या हातची सर नाही."

सुलेखाची कानशिलं तापली. "आजींनीच केलीय ती!" ती ओरडली. "हे सगळे डबे त्यांचेच! जायच्या आदल्या दिवशीपर्यंत करत होती म्हातारी!"

अस्मिताने दुसरी चकली तोंडात टाकली. तिचे डोळे भरून आले. "तरीच!" ती म्हणाली. "आणि आधीचा म्हणजे याला सुतकही नाही!"

अस्मिताने लगेच मंडळात कळवलं, आणि दिवेलागणीपर्यंत गॅरेज रिकामं झालं. लोक डबे छातीशी धरून नेत होते. प्रताप दारात हात जोडून उभा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रडतही होता.

"बघ," शेवटची गाडी गेल्यावर तो म्हणाला, "पुढच्या दिवाळीच्या आधी वर्षश्राद्ध येतं. नॉस्टॅल्जिया! तोही ट्रेंडच आहे."

दुखरा खांदा चोळत सुलेखाने सोऱ्या धुऊन पालथा घातला. मंडळाच्या दिवाळी अंकात त्या वर्षी दिवंगतांच्या पानावर नथीतला फोटो छापून आला. खाली एकच ओळ होती : श्रीमती गोदावरी साठे, प्लेनो, रविवार दिनांक १२ ऑक्टोबर २०२५ रोजी वारल्या.