एकट्याची शर्यत

आमचे दाजी नव्या माणसाला नाव, गाव विचारत नसत. "पोहता येतं का?" एवढंच विचारत. ताईला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनाही त्यांनी हेच विचारलं. वडील गोंधळून म्हणाले, "नाही. पण मुलीला स्वयंपाक येतो."

गेल्या महिन्यात दाजी गेले. भेटायला येणारे सगळे त्यांना चॅम्पियनच म्हणत होते. हयात असताना हा शब्द कानावर पडला की दाजी मान खाली घालून पुटपुटत, "लाज वाटते हो."

त्याला कारण होतं. बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार ते लष्करात शिकले. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे, पाय जुळवून मारायचे. पुढे ते भोसरीच्या एका कारखान्यात लागले. दरवर्षी पुण्यात कारखान्यांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत, आणि बटरफ्लाय येणारे दाजी एकटेच. शिट्टी वाजे. दाजी एकटे जात, एकटे परत येत. मग कंपनीच्या गेटवर हार, फोटो, साहेबांचं भाषण. घरी येऊन ते ताईला म्हणत, "वरातही मीच, नवराही मीच."

त्यांना एक खरी शर्यत हवी होती. बरीच वर्षं माणसं विचारून झाल्यावर शेजारच्या मशीनवरचा टर्नर भीमराव सापडला. इंद्रायणीत पोहून मोठा झालेला. दर रविवारी दाजी त्याला घरी आणून ताईच्या बाजेवर पालथं घालून बटरफ्लाय शिकवत.

"पाय जुळव, राव."

"भाऊ, वहिनी हसत्यात."

"हसत नाही, भावजी," ताई आतून म्हणाली. "बाज मोडते का ते बघतेय."

त्या वर्षी पहिल्यांदाच दोघं पाण्यात उतरले. मी टॉवेल धरून काठावर. भीमराव पुढे होता. अर्ध्यावर त्याने मान वळवून पाहिलं आणि हात आखडता घेतला. दाजींच्या ते लक्षात आलं. तेही थांबले. भर तलावात दोघं तरंगत राहिले.

"पोह ना, राव."

"आधी तुमी पुढं व्हा, भाऊ. शिकवणाऱ्याच्या म्होरं कसं जाऊ?"

"अरे, लोकांसमोर लाज काढतोस का माझी?"

लोक हसत होते. पंचांनी दोघांनाही बाद केलं. मी शरमेने टॉवेलात तोंड घातलं.

परतीच्या बसमध्ये भीमराव वरही बघत नव्हता. भोसरी जवळ आली तसा दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतकी वर्षं पोहलो, राव," ते हळूच म्हणाले. "आज पहिल्यांदा दुसऱ्याने उडवलेलं पाणी तोंडावर आलं."